बाबा काय म्हणाले असते?

एका माणसाला वाघाने उचलून नेलंय. तुमच्या हातात बंदूक आहे. गोळी झाडली तर ती वाघाऐवजी त्या माणसालाच लागायची भीती. नाही झाडली तर वाघ त्याला सोडणार नाही. त्याला विचारायला सवड नाही आणि तो सांगायच्या स्थितीतही नाही. त्याच्या भल्यासाठी तुम्ही गोळी झाडलीत, ती त्यालाच लागली आणि तो दगावला. तर तुम्ही गुन्हेगार का?

नाही. हे कोडं शिकारकथेतलं नाही. १८६०च्या भारतीय दंडविधानात, ९२व्या कलमाखाली, हे उदाहरण म्हणून छापलेलं आहे. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली जो मसुदा केला, त्यातून हा कायदा आला. वाघाच्या शेजारीच दुसरं उदाहरण आहे. एक माणूस घोड्यावरून पडून बेशुद्ध झालाय. त्याची कवटी उघडावी लागणार हे शल्यवैद्याच्या लक्षात येतं आणि तो शुद्धीवर यायची वाट न बघता शल्यवैद्य ती उघडतो. तोही गुन्हेगार नाही. दंडविधान गेलं, २०२४ साली भारतीय न्याय संहिता आली, पण नियम तिच्या ३०व्या कलमात कायम राहिला. हिंगोली-नांदेड रस्त्यावर मोटारसायकल घसरून डोक्याला मार लागलेला पोरगा दवाखान्यात येतो, तेव्हा नातेवाइकाच्या सहीसाठी डॉक्टरांनी थांबायचं कारण नसतं, ते या घोडेस्वारामुळे.

वाघ आणि घोडा ही सोपी प्रकरणं. तिथे वेळच नसतो, आणि वेळ नसला की नीतीचे प्रश्नही फारसे उरत नाहीत. खरा पेच पडतो तो हाताशी वेळ असताना.

समजा, वसमत तालुक्यातला एक शेतकरी आहे. सत्तरी ओलांडलेला, जन्मभर हळद पिकवलेला. पहाटे लकवा मारला, बोलणं गेलं, दुपारपर्यंत शुद्धही गेली. हिंगोलीहून नांदेडला हलवलं, व्हेंटिलेटर लागला. दिवसांमागून दिवस चाललेत. आयसीयूबाहेर थोरला मुलगा आहे, पुण्याहून आलेला धाकटा आहे, सासरहून आलेली लेक आहे, भाऊबंद आहेत, गावचे दोन-चार जाणते आहेत. डॉक्टर बाहेर येऊन विचारतात, “पुढं काय करायचं, तुमचं काय ठरलं?” थोरला हात जोडतो, “आम्हाला काय कळतंय साहेब, तुमीच सांगा.” धाकट्याच्या डोक्यात बिलाचा आकडा, लेकीच्या डोळ्यांत पाणी. सगळे त्या माणसाविषयी बोलताहेत आणि प्रत्येक जण आपापलं मन सांगतोय. वैद्यकीय नीतीने गेल्या पन्नासेक वर्षांत एक छोटासा बदल केला, तो नेमका इथे. तुम्हाला काय वाटतं, हा प्रश्नच तिने बाजूला सारला आणि त्या जागी दुसरा ठेवला: बाबांना बोलता आलं असतं, तर ते काय म्हणाले असते?

ऐकायला किती साधं! आणि जो बोलू शकत नाही त्याचा आवाज ऐकायचा म्हणजे काय, हे बघायला गेलं की थक्क व्हायला होतं.

त्याआधी एक पायरी आहे आणि गडबडीत हटकून तीच सुटते. माणसाला खरंच ठरवता येत नाहीये, हे ठरवायचं कसं? म्हातारा आहे, अडाणी आहे, मनोरुग्ण आहे, विसरायला लागलाय, म्हणून त्याला कळत नाही, असं आपण सहज धरून चालतो. कायदा उलट्या टोकाने सुरू होतो. मनःस्वास्थ्याविषयीचा २०१७चा कायदा (लागू झाला २९ मे २०१८ रोजी) मानसिक उपचारांबाबत सांगतो, की प्रत्येकाला, मनोरुग्णालासुद्धा, निर्णयक्षम मानायचं. दिलेली माहिती समजते का, हो किंवा नाही म्हटल्याने काय होईल याचा अंदाज येतो का, आणि ठरवलेलं कोणाला कळवता येतं का, एवढंच बघायचं. कळवायचं ते बोलून, हातवारे करून, चेहऱ्यावरून, कसंही. पुढचं पोटकलम मला त्या सबंध कायद्यात सगळ्यात धीट वाटतं: एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असं म्हणता येणार नाही. या कायद्याचा मसुदा घडवण्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीत काम करणारे डॉ. सौमित्र पाठारे यांचा मोठा वाटा आहे.

प्रत्यक्षात ही परीक्षा एका खाटेशेजारी पाच-दहा मिनिटांत होते. मधुमेहाने पाय सडलेली एखादी मावशी समोर असते. डॉक्टर म्हणतात, “मावशी, मी आत्ता काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगा बरं.” ती म्हणते, “पाय कापाचा म्हणता. न्हाई कापला तर इख वर चढंल अन् मी मरीन.” “मग काय करायचं?” “न्हाई कापाचा.” मुलगा डोक्याला हात लावतो. मावशीची परीक्षा मात्र पार पडली. तिला समजलंय, परिणाम कळलाय, उत्तर पक्कं आहे. तीच मावशी रात्री ताप चढल्यावर जावयाला भाऊ समजून बोलायला लागली, तर त्या वेळी तिला क्षमता नाही; सकाळी ताप उतरला की पुन्हा आहे. म्हणजे क्षमता नाही, हा माणसावर कायमचा मारायचा शिक्का होत नाही. ती त्या प्रश्नापुरती आणि त्या वेळेपुरती बघायची असते. जेवायला काय हवं हे सांगू शकणाऱ्याला मेंदूच्या शस्त्रक्रियेतले धोके तोलता येतीलच असं नाही, आणि जमिनीचा हिशेब न जमणाऱ्याला आपला पाय ठेवायचा की नाही हे पक्कं ठाऊक असू शकतं.

सडक्या पायाचं उदाहरण मी उगीच घेतलेलं नाही. इंग्लंडमध्ये ब्रॉडमूर या कडेकोट मनोरुग्णालयात ६८ वर्षांचा एक रुग्ण होता. स्किझोफ्रेनिया, आणि आपण जगप्रसिद्ध डॉक्टर आहोत असा ठाम भ्रम. पायाला गँगरीन झालं. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याखाली कापला नाही तर जगायची शक्यता कमी. तो म्हणाला, कापायचा नाही, आणि न्यायालयात गेला. न्यायमूर्तींनी त्याचा भ्रम मोजलाच नाही. या पायाबद्दल याला सांगितलेलं समजतंय का, पटतंय का, तोलता येतंय का, एवढंच पाहिलं. उत्तर हो आलं. पाय राहिला आणि माणूसही जगला. तो दगावला असता तरी निकाल तितकाच बरोबर ठरला असता. हे पचवायला मला वेळ लागला.

आपल्याकडे २००८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर याच मुद्द्याची दुसरी बाजू आली. दिल्लीतली ४४ वर्षांची एक अविवाहित बाई दुर्बिणीतून तपासणीसाठी भूल देऊन टेबलावर होती. आत काय दिसतंय ते पाहून डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय काढलं. आईच ती, तिच्याहून जवळचं कोण? न्यायालय म्हणालं, ही संमती चालत नाही. बाई सज्ञान होती, शहाणी होती, जिवावर बेतलेलं नव्हतं, आणि थोड्या वेळाने ती जागी होणार होती. म्हणजे नातेवाइकाची सही ही आपण समजतो तेवढी भारी चीज नाही. भूल उतरेपर्यंत थांबता येत असेल, तर थांबणं हाच नियम.

ज्यांची भूल कधी उतरणारच नाही, त्यांचं काय? आपल्या राज्याच्या खात्यावर इथे एक काळं पान आहे. फेब्रुवारी १९९४. शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद स्त्रियांना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशयं काढली गेली. रोग नव्हता. पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, आणि गैरप्रकार होऊन दिवस राहिले तर काय, ही कारणं. स्त्री-संघटना आणि आरोग्य-कार्यकर्ते रस्त्यावर आले, ओरड देशभर गेली आणि शस्त्रक्रिया थांबवाव्या लागल्या. करणाऱ्यांना आपण भलंच करतोय असं प्रामाणिकपणे वाटत होतं. सोय कोणाची होत होती, सांभाळणाऱ्यांची की त्या मुलींची, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलेला दिसत नाही.

पंधरा वर्षांनी, २००९मध्ये, चंदीगडच्या सरकारी आश्रयगृहातल्या एका मतिमंद तरुणीवर बलात्कार झाला आणि दिवस गेले. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला. तिला मूल हवं होतं. सर्वोच्च न्यायालयाने आदेश रोखला: सौम्य मतिमंदत्व म्हणजे मत नसणं नव्हे, आणि तिच्या संमतीशिवाय गर्भपात होणार नाही. ससूनपासून इथवरचं अंतर मोठं आहे.

हिंगोलीपुरतं पाहायचं तर यातली एक गाठ थेट जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर येते, हे फार थोड्यांना माहीत असतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असलेलं मूल अठरा वर्षांचं झालं, की आई-वडिलांचं कायदेशीर पालकत्व आपोआप संपतं. रात्री बाराच्या ठोक्याला! १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने यासाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती ठेवली. तिच्यात जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असते. पालक नेमायचा तो या समितीने. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची आणि दर वर्षी हिशेब.  पीकविमा, टंचाई आणि पाणंद रस्ते यांच्या फायलींमध्ये एक फाइल अशीही येऊ शकते, की एका सज्ञान माणसाच्या वतीने ‘हो’ कोणी म्हणायचं.

आपला हळदवाला शेतकरी मात्र या कायद्यांत कुठेच बसत नाही. तो मनोरुग्ण नाही, मतिमंद नाही. तो बेशुद्ध आहे. अशा सज्ञान माणसासाठी पालक नेमायचा सरळ कायदा आपल्याकडे नाही. बायकोला नवऱ्याच्या खात्यातून उपचारांचे पैसे काढायचे, तरी बँक ‘सही आणा’ म्हणू शकते. मग उच्च न्यायालयात जायचं. हिंगोलीकरांसाठी म्हणजे औरंगाबाद खंडपीठ, छत्रपती संभाजीनगरला. ज्याला कोणी नाही त्याचं पालकत्व राज्यसत्तेकडे, या जुन्या तत्त्वाच्या आधारे न्यायाधीश पत्नीला किंवा मुलाला पालक नेमतात.

आणि उपचार थांबवायचे की नाही, हा त्याहून जड प्रश्न देशाने शिकला तो मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयात. अरुणा शानबाग तिथे परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ला सफाई कर्मचाऱ्याने कुत्र्याच्या साखळीने त्यांचा गळा आवळला, मेंदूचा प्राणवायू तुटला, आणि पुढची ४१ वर्षं त्या त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, त्यांची शुश्रूषा थांबली नाही. २००९मध्ये लेखिका पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या: अन्न थांबवू द्या. ७ मार्च २०११चा निकाल वाचताना नवल वाटतं ते एका मुद्द्याचं. अरुणाताईंच्या वतीने बोलायचा हक्क कोणाचा, हे न्यायालयाने आधी ठरवलं. रक्ताचे नातेवाईक फिरकत नव्हते, विराणींनी अरुणाताईंवर पुस्तक लिहिलं होतं. पण रोज भरवणाऱ्या, कूस बदलणाऱ्या परिचारिका हेच खरे आप्त, असं न्यायालय म्हणालं. परिचारिकांना त्या जगायला हव्या होत्या. याचिका फेटाळली गेली. त्याच निकालाने मात्र दार किलकिलं केलं: असाध्य स्थितीत उपचार मागे घेता येतील, उच्च न्यायालयाच्या परवानगीने. अरुणाताई १८ मे २०१५ला न्यूमोनियाने गेल्या.

माझं एक टोचणारं मत सांगतो. परिचारिकांचं प्रेम निर्विवाद, पण अरुणाताईंना स्वतःला काय हवं असतं, हा प्रश्न त्या निकालातही हलका हलका होत मागे पडला. ‘आम्हाला त्या हव्यात’ आणि ‘त्यांना जगायचं होतं’ यांत अंतर आहे, आणि माया जितकी जास्त तितकं ते अंतर दिसेनासं होतं.

९ मार्च २०१८ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने, शुद्ध असतानाच माणसाने लिहून ठेवायच्या वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. पद्धत मात्र अशी घातली, की ती मुंबईतही जमेना, मग हिंगोलीची काय कथा. सही प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यासमोर, आणि दुसरं वैद्यकीय मंडळ जिल्हाधिकाऱ्याने नेमायचं, त्यात वीस वर्षं अनुभवाचे हृदय, मेंदू, मूत्रपिंड वगैरेंचे तज्ज्ञ. असे तज्ज्ञ जिल्ह्यात आणायचे कुठून? हिंगोलीचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयच मुळी २०२४चं. २४ जानेवारी २०२३ला न्यायालयाने गाठी सैल केल्या. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. रुग्णालयच दोन मंडळं बसवतं: पहिल्यात उपचार करणारा डॉक्टर आणि पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ; दुसऱ्यात तसेच दुसरे दोन आणि जिल्ह्याच्या आरोग्यप्रमुखाने पाठवलेला एक. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. मग न्यायदंडाधिकाऱ्याला कळवायचं. इच्छापत्र नसेल तरी हीच वाट, घरच्यांच्या संमतीने.

इच्छापत्राची एक प्रत ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते. हे अधिकारी कोण, याचा पत्ताच नव्हता. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयात गेले, तेव्हा राज्य सरकारने ते नेमले. गोव्यात ३१ मे २०२४ला न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र केलं. गोव्यातलं ते पहिलं.

हे सगळं कागदावर. वॉर्डात बहुतेक वेळा वेगळं घडतं. पैसे संपतात, आशा संपते, कोणीतरी म्हणतं, “आता काही राम नाही, घरी न्या.” मग ‘डामा’च्या कागदावर सही होते, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध नेत आहोत असं लिहून देणं. अँब्युलन्समध्ये कोणीतरी हाताने फुगा दाबत श्वास देत राहतं, आणि घराच्या उंबऱ्याशी तो थांबतो. निर्णय तोच, पण दोन मंडळं नाहीत, वेदनाशामक नाही, आणि बाबा काय म्हणाले असते हे कोणी विचारलेलं नाही. सल्ला डॉक्टरचाच असतो अनेकदा. कागद मात्र म्हणतो, सल्ल्याविरुद्ध.

विचारलं असतं तरी उत्तर बरोबर आलं असतं का? इथे विज्ञान आपल्याला जमिनीवर आणतं. २००६ साली अमेरिकेत १६ अभ्यास एकत्र करून पाहिले. रुग्णांना विचारलं, अमुक स्थितीत तुम्हाला अमुक उपचार हवेत का. त्यांच्या जवळच्यांना विचारलं, ते काय म्हणतील? अंदाज १०० पैकी ६८ वेळा बरोबर निघाले. आणखी चमत्कारिक हे, की रुग्णाने स्वतः निवडलेला माणूसही यात सरस ठरला नाही. चाळीस वर्षांचा संसार आणि दर तिसरा अंदाज चुकीचा! म्हणून पुण्याच्या धाकट्यापेक्षा गावातल्या थोरल्याला जास्त कळतं, की उलट, यावर आयसीयूबाहेर भांडण्यात अर्थ नाही. तिघांनी बसून आठवावं: शेजारचे तात्या असेच पडले होते, तेव्हा बाबा काय बोलले होते? नळ्या बघून काय म्हणाले होते? असं तोंडून गेलेलं एखादं वाक्य दहा मतांहून मोलाचं.

कधीकधी तर खुद्द रुग्णालाच विचारता येतं, जिथे कल्पनाही करवत नाही. २००६मध्ये एड्रियन ओवेन या शास्त्रज्ञाने अपघातानंतर पाच महिने निश्चेष्ट पडलेल्या २३ वर्षांच्या तरुणीला स्कॅनरमध्ये ठेवलं आणि सांगितलं, आपण टेनिस खेळतोय अशी कल्पना कर. निरोगी माणसाच्या मेंदूचा जो भाग अशा वेळी उजळतो, तोच तिचाही उजळला. २०१०मध्ये याच वाटेने पुढे जाऊन ५४ रुग्ण तपासले, पाच जणांच्या मेंदूने प्रतिसाद दिला, आणि त्यांतल्या एकाने चक्क प्रश्नांची उत्तरं दिली: एका उत्तरासाठी टेनिस, दुसऱ्यासाठी स्वतःच्या घरातून फिरणं. २०२४च्या मोठ्या अभ्यासात आज्ञा पाळल्याची बाह्य खूण न दिसणाऱ्या २४१ पैकी ६० जणांच्या मेंदूने सूचना ऐकून काम केल्याचं दिसलं. आपल्याच जिल्ह्यात, औंढ्याजवळ दुधाळ्याला, चार-चार किलोमीटरच्या भुजांची लायगो ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होतेय. प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाएवढी थरथर तिला टिपायची आहे. तिथल्या यंत्राला जेवढी चिकाटी लागेल, तेवढीच एखाद्या खाटेपाशी लागते.

आवाज ऐकू आला, की प्रश्न सुटला असं मात्र नाही. १९९१मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याने ‘मार्गो’ या बाईंबद्दल लिहिलं. अल्झायमर, दर वेळी तेच चित्र रंगवायच्या, पुस्तकाची पानं कुठूनही उघडून वाचायच्या, आणि त्याने पाहिलेल्या सर्वांत आनंदी माणसांपैकी एक होत्या. तत्त्वज्ञ रोनाल्ड ड्वॉर्किन यांनी विचारलं: समजा मार्गोने पूर्वी लिहून ठेवलं असतं, की स्मृती गेल्यावर दुसरा कुठला जीवघेणा आजार झाला तर उपचार नकोत, तर? त्यांचं मत, लिहिणाऱ्या मार्गोचं ऐकायचं. आयुष्य तिचं होतं, घडवलं तिने. कायदेतज्ज्ञ रिबेका ड्रेसर म्हणाल्या, समोर हसणाऱ्या मार्गोचं ऐकायचं. तो कागद लिहिणारी आता तिथे नाही.

आपल्या जिल्ह्यातही, नर्सीच्या एखाद्या वाड्यात, अशी आजी असते. सुनेला आई म्हणते, सकाळी खाल्लेलं दुपारी विसरते, आणि नामदेवांचा अभंग सुरू झाला की शब्द न चुकता म्हणते. दहा वर्षांपूर्वी तिनेच बजावलं होतं, “माझं डोकं गेलं तर मला ठेवू नका गं बायांनो.” तिला न्यूमोनिया झाला तर? आपल्या सर्वोच्च न्यायालयाची २०१८ आणि २०२३ची नियमावली हा पेच तिच्यापुरता उभाच राहू देत नाही. आजार बरा होण्याची आशा संपली आणि दीर्घ उपचार चालू असले, तरच इच्छापत्र लागू होतं. न्यूमोनिया प्रतिजैविकांनी बरा होऊ शकतो. आजीला सलाईन लागेल, आणि ती घरी परत येईल.